निमोच्या घरात विष कोणी कालवलं?

‘सगळे शंख मेले. येतेस का?’

शनिवारी सकाळी सव्वासात वाजता असा मेसेज आला तर तुम्ही काय कराल? मी मोबाइल उशीखाली सारला आणि कूस बदलली. फ्रीलान्सरला कसला आलाय वीकेण्ड, असं माझ्या आईचं ठाम मत आहे, पण शनिवारची झोप ही माझी एकमेव फिक्स्ड डिपॉझिट आहे. पाच मिनिटांनी दुसरा मेसेज आला. ‘पप्पा काल रात्रीपासून बोलत नाहीयेत.’ मग मात्र उठले.

हा माझा मास कॉमचा बॅचमेट. आम्ही त्याला पालीकर म्हणतो, कारण कॉलेजच्या पहिल्या दिवशी ‘मी पालीचा’ असं तो म्हणाला आणि पुढचा अख्खा लेक्चर पाली म्हणजे नक्की कुठली हे समजावण्यात गेला. बल्लाळेश्वराची नाही, ती रायगडात. वांद्र्याचं पाली हिल तर नाहीच नाही (‘असतं तर फास्ट लोकलला लटकत आलो असतो का?’). ही पाली मीरा-भाईंदरमधली. भाईंदर वेस्टला उतरायचं, उत्तनकडे जाणारी बस पकडायची, मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं मागे टाकायची आणि बोंबलाचा वास खिडकीतून आत आला की तयारीला लागायचं. टॉवरवाल्या भाईंदरपासून अर्ध्या तासावर बांबूंवर वाळणारे बोंबील, दारात क्रॉस, किनाऱ्याला टेकलेल्या होड्या... पहिल्यांदा गेले तेव्हा आपण चुकून सुट्टीवर आलोय असंच वाटलं होतं.

पालीकरचे पप्पा, म्हणजे आमचे अंकल, आयुष्यभर बोटीवर तांडेल होते. तीन वर्षांपूर्वी बायपास झाली आणि डॉक्टरांनी समुद्र बंद केला. सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या बोटी मोजणं एवढंच काम उरलं. तेव्हा पोराने पगारातून चार फुटी समुद्री टँक आणला. तीनशे लिटर खारं पाणी, खडक, दोन क्लाउनफिश, थोडे शंख, हर्मिट खेकडे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन क्लीनर कोळंब्या आणि खडकांवर छोट्या फुलांसारखी उमलणारी मऊ प्रवाळं. (कडक, दगडी प्रवाळाच्या वाटेला तो गेला नाही. २००१ पासून ते वाघाच्या बरोबरीने वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. मालवणला स्नॉर्कलिंग करताना ‘एक तुकडा घेऊन येते हं’ म्हणणाऱ्या मैत्रिणींनी हे दोनदा वाचावं.)

‘हे काय पोराटोरांचं खेळणं!’ असं अंकल आठवडाभर म्हणाले. आठव्या दिवसापासून काच तेच पुसायला लागले. मासळीला खायला घालणं, पाणी बघणं, सगळं त्यांचं. दुपारी चार ते सात खुर्ची टँकसमोर. बायपासनंतर पहिल्यांदा माणूस माणसात आला, असं आंटी म्हणतात.

म्हणून ‘पप्पा बोलत नाहीयेत’ वाचून मी चहाही न घेता निघाले.

घरात शिरल्या शिरल्या टँककडे पाहिलं. ऑगस्टचा मधला आठवडा. शंख काचेवरून सुटून वाळूत उताणे पडलेले. कोळंब्या आदल्या आठवड्यातच कात टाकता टाकता गेल्या होत्या. खेकडे आपापले शंख सोडून बाहेर येऊन मेलेले. प्रवाळांची फुलं मुठी आवळल्यासारखी मिटलेली. आणि या सगळ्या स्मशानात ते दोन निमो... मस्त ठणठणीत! जेवणाच्या वेळी काचेला नाक लावून हजर.

मला सगळ्यात विचित्र वाटलं ते हेच. पाणीच खराब असेल तर मासे कसे जिवंत?

पालीकरने रात्रभर जागून टेस्ट केल्या होत्या. खारेपणा ओके. अमोनिया शून्य. नायट्रेट ओके. तापमान ओके. ‘रिपोर्ट नॉर्मल, पेशंट मेला,’ तो म्हणाला. मग त्यानेच फंडा सांगितला. मासे जगतात आणि बिनकण्याचे जीव मरतात, तर पहिला संशय धातूवर घ्यायचा. त्यातही तांब्यावर. मत्स्यालयाच्या दुकानांत माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की वेगळ्या टाकीत तांब्याचंच औषध देतात, लिटरमागे साधारण दीडशे ते दोनशे मायक्रोग्रॅम. मासा दोन-तीन आठवडे ते सोसतो आणि बरा होतो. त्याच पाण्यात शंख किंवा कोळंबी टाकली तर संपली. गंमत म्हणजे या मंडळींच्या रक्ताला प्राणवायू वाहायला तांबंच लागतं. आपल्या रक्तात लोह, त्यांच्या रक्तात तांबं, म्हणून रक्त निळसर. जगायला चिमूटभर हवं आणि चिमटीच्या वर गेलं की मरण! खुल्या समुद्रात तांबं लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असतं. एवढ्या हिशेबावर बेतलेलं शरीर.

तांब्याची टेस्ट किटही त्याच्याकडे होती. थेंब टाकले, पाच मिनिटं थांबलो, पाणी स्वच्छ. शून्य. पण ही रंगाची किट पन्नास मायक्रोग्रॅमच्या खाली बहुतेक आंधळीच असतात. म्हणजे किटने ‘नाही’ म्हटलं तर त्याचा अर्थ ‘मला दिसत नाही’ एवढाच घ्यायचा.

आता आला प्रश्न, आलं कुठून?

पालीत हा प्रश्न विचारला की उत्तर तयार असतं. डंपिंग! मीरा-भाईंदरचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर येतो. त्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याविरुद्ध, वासाविरुद्ध, आगींविरुद्ध इथली गावं वर्षानुवर्षं भांडतायत. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. शेजारच्या काकांनी खिडकीतूनच निकाल दिला, ‘कचऱ्याचं पाणी दर्यात, दर्याचं पाणी तुमच्या टाकीत. अजून काय शोधताय?’ कारण टँकचं पाणी येतं समुद्रातूनच. अंकलचा पुतण्या बोटीवर असतो, तो बाहेरून कॅन भरून आणतो. पावसाळी बंदी संपल्यावर पहिल्या फेरीत त्याने पाच कॅन आणले होते आणि त्यानंतर दोन आठवड्यांत शंख पडायला लागले.

खरं सांगू? माझ्या डोक्यात तिथल्या तिथे हेडिंग बसलं. डंपिंग, विषारी समुद्र, तांडेलाची मेलेली छोटी दुनिया... बसच्या स्टॉपवर उभं राहून मी एका एडिटरना फोन करून मोकळीसुद्धा झाले. ‘सॉलिड आहे, लगेच दे,’ ते म्हणाले.

अंकलचा संशय वेगळाच होता. त्या दिवशी ते बोलले ते फक्त याच विषयावर. बंदीच्या काळात बोटी वर ओढतात, डागडुजी होते, तळाला रंग लागतो. पुतण्याच्या बोटीचा रंग अगदी ताजा होता. ‘त्या रंगात तांबं असतं,’ अंकल म्हणाले. ‘नसलं तर तळाला चार महिन्यांत शंख-शिंपल्यांची गोधडी होते. बोट जड होते, डिझेल खाते. तांबं असलं की काही चिकटत नाही.’

मी वहीत लिहून घेतलं. घरी येऊन वाचलं तर हा जुना खेळ निघाला. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ नावाच्या जहाजाचा तळ तांब्याच्या पत्र्याने मढवून बघितला होता. पत्रा ठोकायला खिळे मात्र लोखंडी वापरले आणि दोन धातूंच्या भांडणात खिळेच गळून गेले! पुढे रंग आले. कथिलाचा एक जहाल रंग इतका जहाल निघाला की किनाऱ्यावरच्या गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटायला लागले. २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यावर बंदी ठरली, ती २००८ पासून लागू झाली. त्यानंतर बोटींच्या तळाला मुख्यतः तांबंच राहिलं. म्हणजे अंकलनी ज्याच्या जिवावर बोटी राखल्या, तेच तांबं आता त्यांच्या टँकमध्ये. हेडिंग नंबर दोन!

पालीकर मात्र डोकं शांत ठेवून एकेक वस्तू उपसत होता. पंप उघडले. पंपातल्या लोहचुंबकावरचं प्लॅस्टिक तडकलं की आतला धातू गंजून पाण्यात उतरतो. चुंबक ठीक होते. काच पुसायचं मॅग्नेट ठीक. हीटर ठीक. वाळूत पडलेला एखादा स्क्रू, नाणं, हेअरपिन? मी हात घालून चाळली. काही नाही. (तीन दिवस नखांतून समुद्राचा वास येत होता. मॅनिक्युअरचे पैसे पाण्यात, अक्षरशः.) डासांचा स्प्रे? पावसाळ्यात गल्लीत धूरफवारणी होते आणि त्या औषधानेही कोळंबी पटकन मरते. पण आंटी धुराच्या दिवशी खिडक्या लावून टँकवर चादर टाकतात. टँक सेकंडहॅण्ड होता का? आधीच्या मालकाने त्यात तांब्याचं औषध घातलं असेल तर सिलिकॉन आणि खडक ते शोषून ठेवतात आणि हळूहळू सोडत राहतात. पण टँक नवा होता.

शेवटी सॅम्पल जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत पाठवायचं ठरलं. समुद्री टँकवाल्यांसाठीच तिथे अशा टेस्ट करतात. पाण्याचा फवारा आरगॉन वायूच्या प्लाझ्मात सोडतात, सूर्याच्या पृष्ठभागाहूनही तापलेल्या. त्यात प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश देतं. तो प्रकाश मोजला की पाण्यात कोण किती आहे ते कळतं. पालीकरने दोन नळ्या भरल्या. एकात टँकचं पाणी, दुसरीत पुतण्याच्या उरलेल्या सीलबंद कॅनमधलं. मला वाटलं दुसरी कशाला, पैसे वाया. आता कळतंय, सगळ्या शोधात त्याने केलेली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच.

रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी दोनदा पालीला गेले. अंकलची खुर्ची फिरली होती. टँककडे पाठ, दाराकडे तोंड. ‘बाहेर मासळी राहिली नाही, आत पण राहिली नाही,’ एवढं एकदा म्हणाले. पालीकरने मला गच्चीवर नेऊन सांगितलं, ‘विकून टाकतो. रोज ते रिकामं बघणं त्यांना जमत नाहीये आणि मला पण.’ मी म्हटलं, रिपोर्टपर्यंत थांब. माझ्या मनात अर्धी काळजी होती आणि अर्धी, कबूल करते, स्टोरी.

रिपोर्ट आला तो सप्टेंबरात, मोबाइलवर. टँकच्या पाण्यात तांबं चाळीसच्या आसपास. किटला दिसणार नाही आणि शंखाला झेपणार नाही, बरोब्बर त्या फटीत बसलेलं. आणि कॅनच्या पाण्यात? समुद्रात असावं तेवढंच. चक्क स्वच्छ.

माझा पोपट झाला. डंपिंग सुटलं, बोटीचा रंगही सुटला. आता याचा अर्थ धावगीच्या डोंगरावरून झिरपणारं पाणी निर्दोष आहे असा कोणी काढू नये. पाच कॅन भरले होते ते किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात. गावकऱ्यांचं भांडण त्यांच्या जागी खरंच आहे. पण या खुनाचा आरोप मला त्याच्यावर टाकता येत नव्हता. एडिटरना फोन केला. ‘मग काय उरलं त्यात?’ असं म्हणून त्यांनी ठेवला.

उरलं होतं रिपोर्टमधलं पुढचं एक नाव. जस्त. तांब्याहूनही जास्त. पालीकरने बोट ठेवलं, ‘एकटं तांबं असतं तर औषध, वायर, रंग काहीही असू शकलं असतं. लोखंड, क्रोमियम, निकेल असतं तर स्टेनलेस स्टील. हे दोघं जोडीने आलेत. तांबं अधिक जस्त म्हणजे...’

‘पितळ,’ मी म्हणाले. शाळेतलं विज्ञान आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलं!

पण टँकमध्ये पितळेची एकही वस्तू नव्हती. आणि समुद्राचं पाणी स्वच्छ. मग राहिलं ते रोजचं गोडं पाणी. समुद्री टँकमधून रोज पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज तेवढंच गोडं शुद्ध पाणी वरून घालावं लागतं. अंकलच्या टँकला दिवसाला साधारण चार लिटर. हे पाणी आरओ फिल्टरमधून एका निळ्या ड्रममध्ये जमतं, तिथून टँकला. पालीकरने फिल्टरच्या तोंडाशी मीटर धरला. शून्य.

‘आणि ड्रममध्ये?’

‘तेच पाणी आहे गं.’

‘तरी बघ ना.’

झाकण उघडलं. मीटर म्हणाला, तीन. पण मीटरची गरजच नव्हती. ड्रम भरला की पाणी बंद करणारा जो कॉक असतो, बाथरूमच्या टाकीत असतो तो, तो चकाकत होता. पितळी कॉक, पितळी दांडी, दांडी अर्धी पाण्यात. आणि जिथे पाण्याची रेघ होती तिथे बारीक हिरवट कड.

माझी आजी पितळेच्या पातेल्यात ताक ठेवू द्यायची नाही. कळकतं म्हणायची. गल्लीत कल्हईवाला आला की सगळी भांडी बाहेर. आरओचं पाणी म्हणजे तर भुकेलं पाणी, अंगात काहीच क्षार नाहीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आंबटही होतं. समोर धातू दिसला की खातं, आणि पितळातून तर आधी जस्तच सुटतं. ड्रममध्ये रात्रभर, दिवसभर ते हेच करत होतं. रोज चार लिटर म्हणजे पन्नास दिवसांत दोनशे लिटर. त्यातलं पाणी उडून गेलं, धातू मागे राहिला. थोडा खडकांनी शोषला, थोडा शंखांनी.

‘पण इथे तर प्लॅस्टिकचा होता,’ पालीकर म्हणाला. ‘मीच लावलेला. हा कोणी...’

मागे दारात अंकल उभे होते. कधी आले कळलंच नाही.

‘मी लावला. जूनमध्ये. तुझा प्लॅस्टिकचा गळत होता, ड्रम भरून घरभर पाणी व्हायचं. तू कामावर. भाईंदरला जाऊन चांगला बघून आणला, बोटीवर पितळेचंच लावतो आपण. खाऱ्या पाण्यात पण गंजत नाही.’ मग थोडं थांबून, ‘पितळेत तांबंच असतं ना?’

कोणीच उत्तर दिलं नाही. पालीकर पक्कड शोधायच्या निमित्ताने आत गेला आणि बराच वेळ आतच राहिला. मी तिथे उभी. काय बोलायचं असतं अशा वेळी, मास कॉममध्ये शिकवलं नव्हतं. ‘अंकल, तुम्हाला कसं कळणार?’ असं काहीतरी पुटपुटले. त्यांनी मान हलवली. ‘मला नाही तर कोणाला कळणार? चाळीस वर्षं तळाला तोच रंग लावला मी.’

मग त्यांनीच बाही वर केली आणि कॉक सोडवायला घेतला.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, म्हणून पटकन सांगते. ड्रम रिकामा, घासून परत भरला. नवा प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह, तोही चांगल्यातला, न गळणारा. दर चार दिवसांनी टँकचं थोडं थोडं पाणी बदलायचं, त्याच पुतण्याच्या कॅनचं. सोबत सक्रिय कोळसा आणि धातू शोषणारा एक फिल्टर-पॅड. हा पॅड पांढरा असतो, तांबं धरलं की निळसर होतो. पहिला पॅड काढला तेव्हा कडेला फिका निळा रंग होता. अंकल तो उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा बघत होते. घाई करून चालत नाही, कारण खडकांनी जे पोटात घेतलंय ते ते आठवडेच्या आठवडे परत सोडत राहतात. नोव्हेंबरात दुसरं सॅम्पल जर्मनीला गेलं. पोस्टात टाकायला अंकल स्वतः भाईंदरला गेले होते.

तांबं खाली आलं होतं. पण अंकलचा कागदावर विश्वास नाही. ते म्हणाले, आधी एकच शंख सोडायचा. एक!

मागच्या रविवारी मी गेले होते. (शनिवारी नाही, झोपायचं असतं.) शंख सोडून सोळा दिवस झाले होते. खुर्ची पुन्हा टँककडे तोंड करून. मी नमस्कार केला तर अंकलनी बोट ओठांवर ठेवलं, जणू आवाजाने तो पडेल. शंख काचेच्या वरच्या कोपऱ्यात होता, शेवाळात एक स्वच्छ वाट मागे सोडत निघालेला. खाली प्रवाळाची चार-पाच फुलं उघडली होती. बाकीची अजून मिटलेली. काही बहुतेक गेलीच, पालीकर म्हणाला. आंटींनी सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली.

निघताना विचारलं, त्या कॉकचं काय केलंत? गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला लावलाय. गळत नाही, एक थेंब नाही, अंकल म्हणाले.